चार रकाने, एकच अक्षर

परवा सिल्लोड तालुक्यातल्या एका शाळेत नवं समग्र प्रगती पत्रक चाळलं. मुलाने स्वतःबद्दल सांगायचं, सोबत्याने सांगायचं, पालकांनी आणि गुरुजींनीही. चारही रकाने एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने भरलेले. माहिती संध्याकाळपर्यंत वर धाडायची होती म्हणे.

मुलांना मोजायचा नाद जुनाच. व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. पुढची कित्येक वर्षं सगळे बुद्ध्यांकातच रमले. मूल राग कसा गिळतं, रडू कसं आवरतं, याकडे लक्ष जायला शतक सरत आलं. 1997 मध्ये शील्ड्स आणि सिकेटी यांची 24 विधानांची यादी आली, तीही मोठ्यांनी भरायची. दहा ते अठरा वयाच्या मुलांनी स्वतः भरायची गलोन आणि टॅफ यांची प्रश्नावली 2012 ची. विधानं दहाच: सहा प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहण्याबद्दल, चार भावना दाबण्याबद्दल.

त्याच सुमारास अजिंठ्याच्या आसपास आम्ही काय करत होतो? वर्णनात्मक नोंदी! ऑगस्ट 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली होती, अजूनही म्हणतो. पण वर्षभरात तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानात आल्या. ‘भावनांवर नियंत्रण ठेवतो’ हे वाक्य पटावरच्या निम्म्या पोरांच्या वाट्याला यायचं. बैठकीत एका साहेबांनी तर अशी पुस्तिका नमुना म्हणून फिरवली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या चित्रकाराला राजकन्या सुंदरीचं दुःख तिच्या कललेल्या मानेत दिसलं. आम्हाला पुस्तिका लागायची.

सहावीतला एक पोरगा आठवतो. दिवाळीनंतर महिनाभर कापूस वेचून शाळेत आला. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या. हजेरीला नुसता हात वर करायचा, तोंडातून शब्द नाही. त्याच्या पत्रकात उतरलं: ‘शांत व समंजस आहे.’ भावना दाबण्याबद्दलच्या परक्या देशातल्या त्या चार विधानांत तो कदाचित सापडला असता. भावना दाबण्याचे तोटे सगळ्या समाजांत सारखे नसतात, असं अभ्यासकच सांगतात, मान्य. पण निदान त्याला विचारलं तरी असतं.

 

विचारलं की मुलं सांगतात. 2022 च्या सुरुवातीला एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या 3.79 लाख मुलांना विचारलं, तेव्हा अभ्यास, परीक्षा, निकालाची धास्ती 81 टक्क्यांनी सांगितली. तिथे नाव लिहायची सक्ती नव्हती. आपल्या पत्रकावर मात्र नाव सगळ्यात वर, आणि ते घरी जातं बापाच्या सहीला. घरी मार खाणारं पोर त्यावर काय लिहील, हे पत्रक आखणाऱ्यांनी एकदा सांगावं.