विमानांसाठी मिररलेस घेताय? आधी पंख्याचं बघा

डीएसएलआर सोडावा का? विमानांचे फोटो काढत असाल तर माझं मत: हो. पांढऱ्या आभाळापुढे विमान काळं पडतंय, हे क्लिक करण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. सोनी ए७आर ५ (२०२२) तर विमान ओळखून फोकस धरतो.

गोम आहे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात एटीआरसारख्या विमानाचा पंखा पुढे सरकतो आणि पाती केळ्यासारखी वाकडी येतात! अशा वेळी मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१२५ च्या आसपास. (हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या हॉक जेटना ही भानगडच नाही, तिथे १/१००० बिनधास्त.) निकॉन झेड ९ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, पण त्याचा सेन्सर इतका झटपट वाचला जातो की वाकडेपणा फारसा जाणवत नाही.

कॅननच्या ईएफ लेन्स विकू नका, अ‍ॅडॉप्टरवर मस्त चालतात. बॅटऱ्या मात्र जास्तीच्या ठेवा.