डेस्कवरचं स्टेज

तांत्रिक तालीम सुरू झाली की प्रकाशयोजनाकार आकड्यांत बोलत नाही. प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेत बसून, नजर स्टेजवरून न हलवता तो म्हणतो, ‘सोफ्यामागचा निळा जरा उतरव.’ त्याने आकड्यात बोलावं अशी अपेक्षाही करू नये. त्याला उजेड दिसतोय, तो उजेडाबद्दल बोलतोय. दिवे चालवणाऱ्या डेस्कवर बसलेल्याला मात्र त्या निळ्याचा चॅनल नंबर, म्हणजे डेस्कवर त्या दिव्याला दिलेला आकडा, लागतो. तो आठवेपर्यंत नट जागेवर खोळंबतात, दिग्दर्शक मागे वळून पाहतो. आपल्याकडे नाट्यगृह सत्रावर मिळतं. सेट चढवणं, दिवे टांगणं, फोकस करणं आणि तालीम हे सगळं त्या तासांत बसवायचं असतं. म्हणून दिव्यांची दृश्य मांडणी, म्हणजे डेस्कच्या स्क्रीनवर कुठला दिवा कुठे दिसावा ही गोष्ट, मी तालमीच्या आधी घरी बसून ठरवतो. ईऑससारख्या डेस्कचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे त्यासाठी प्रत्यक्ष डेस्कही लागत नाही.

डेस्क आपण होऊन जे दाखवतं ते नंबरांचं कोष्टक असतं. एक, दोन, तीन अशा चौकटी आणि प्रत्येकीत त्या चॅनलची टक्केवारी. बेरीज-वजाबाकीसाठी हा क्रम चांगला, पण स्टेजवर 14 च्या शेजारी 15 असेलच असं नाही. जुन्या डिमर बोर्डावर ही अडचण नव्हती. तिथे प्रत्येक दिव्याची दांडी ठरलेली, आणि बोर्ड चालवणाऱ्याच्या हाताला तिची जागा न बघता ठाऊक असायची. ब्रॉडवेवर 1975 मध्ये ‘अ कोरस लाइन’साठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी स्मृती असलेला संगणकीय बोर्ड वापरला आणि तिथून पुढे दांड्यांची जागा आकड्यांनी घेतली. शेकडो दिवे एका माणसाच्या आवाक्यात आले, हा फायदा फार मोठा. पण हाताला असलेली जागेची ओळख त्यात गेली. दृश्य मांडणी ती परत देते, आणि तिच्याकडे मी त्याच अपेक्षेने पाहतो. दिसायला सुबक पण हाताला जागा न सांगणारे लेआउट मी पुष्कळ पाहिले आहेत; अंधारात त्यांचा उपयोग होत नाही.

आकड्यावरून जागा न कळण्याची ही अडचण अमेरिकेतले प्रकाशयोजनाकार कागदावर सोडवत. एका पानावर स्टेजचे छोटे छोटे नकाशे काढायचे, उजेड जिथून येतो त्या दिशेने बाण, आणि बाणाजवळ चॅनलचा नंबर. त्या पानाला मॅजिक शीट म्हणत. ईटीसी कंपनीच्या ईऑस डेस्कने स्क्रीनवरच्या मांडणीला तेच नाव ठेवलं. ग्रँडएमए डेस्कवर तिला नुसतं लेआउट म्हणतात. काम दोन्हीकडे एकच: रिकाम्या पानावर दिव्यांची चिन्हं आणून ठेवायची. चिन्हाला बोट लावलं की तो दिवा निवडला जातो, आणि तो किती चढलाय हे चिन्हावरच दिसतं.

मांडायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो बाजूचा. नटाचं उजवं ते प्रेक्षकाचं डावं. नाटकवाले ‘राइट विंग’ म्हणतात तेव्हा ती नटाची उजवी बाजू असते. डेस्क मात्र प्रेक्षागृहात किंवा मागच्या केबिनमध्ये, स्टेजकडे तोंड करून असतं. म्हणून स्क्रीनवर स्टेजची पुढची कड खाली, सायक्लोरामा वर आणि राइट विंग डावीकडे. काही जण वास्तुविशारदाचा नकाशा जसाच्या तसा पार्श्वभूमीला लावतात. तो कधी उलटा असतो, कधी त्यात जिन्यांपासून स्वच्छतागृहांपर्यंत सगळं असतं. मी सेटच्या नकाशातल्या चार रेषा ठेवतो: स्टेजची कड, दोन्ही विंगा, मागची भिंत आणि सोफा. सोफा हवाच. प्रकाशयोजनाकार दिव्याचा पत्ता फर्निचरवरूनच सांगणार असतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दिवा टांगलाय तिथे दाखवायचा, की उजेड पडतो तिथे? संगीत कार्यक्रमात दिवे स्वतःच देखावा असतात. ट्रसवरच्या मूव्हिंग हेडची, म्हणजे वळणाऱ्या दिव्यांची, रांग लोकांना दिसते, उजेडाची लाट या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. तिथे टांगल्या जागेचाच नकाशा बरोबर. नाटकात दिव्याकडे कोणी बघत नाही. दिवे टांगायच्या समोरच्या बारवर शेजारी शेजारी असलेले दोन स्पॉट स्टेजच्या दोन टोकांना उजेड देत असतील, तर बारचा नकाशा मला फसवतो. स्टॅनली मकॅन्डलेस यांनी 1932 च्या त्यांच्या पुस्तकात स्टेजचे भाग पाडून प्रत्येक भागाला दोन तिरप्या बाजूंनी, एक कोमट आणि एक गार, असा उजेड द्यायची पद्धत मांडली. आजही आपल्या कौटुंबिक नाटकांच्या दिवाणखान्यात तीच पद्धत चालते: पुढे तीन एरिया, मागे तीन. मी स्क्रीनवर आधी हे सहा चौकोन आखतो. प्रत्येकात समोरून येणारा कोमट डावीकडे, गार उजवीकडे, बॅक लाइट वरच्या कडेला. विंगेतले साइड लाइट ज्या बाजूने येतात त्या कडेला. मूव्हिंग हेडचा उजेड कुठेही पडू शकतो, म्हणून त्यांची वेगळी रांग सगळ्यात वर, टांगल्या क्रमाने. बारचा नकाशाही करतो, पण दुसऱ्या पानावर. शिडी लावून दिवा शोधायचा असेल तेव्हा तो लागतो.

रंगाचं काम वाटतं त्याहून नाजूक आहे. एलईडी दिव्याचा रंग डेस्कच ठरवतं, त्यामुळे चिन्ह आपोआप त्या रंगाने भरतं. हॅलोजन स्पॉटपुढे कुठली जेल, म्हणजे रंगीत फिल्टर, लावली आहे हे डेस्कला कळायला मार्ग नाही. ली कंपनीची 201 नंबरची निळी जेल लावली तर त्या चिन्हाची कड मीच निळी करतो. दिवा बंद असतानाही तो गार आहे हे त्यामुळे दिसतं. चिन्हांचे आकार दोन-तीनच ठेवतो: स्पॉटसाठी एक, पारसाठी एक, मूव्हिंग हेडसाठी एक. प्रत्येक जातीला निराळं चित्र दिलं की डोळा चित्रं वाचत बसतो. पार्श्वभूमी काळी, अक्षरं करडी. ब्लॅकआउटमध्ये पांढऱ्या पानाचा झगझगाट डोळ्यांवर आला, तर पुढचा मंद क्यू, म्हणजे ठरलेला प्रकाशबदल, नीट दिसत नाही. चिन्हांमध्ये बोटाएवढी मोकळी जागा हवी, नाहीतर घाईत शेजारचा दिवा चढतो. धुराचं यंत्र आणि प्रेक्षागृहाचे दिवे मी खालच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब ठेवतो. हळव्या प्रवेशात चुकूनही हात लागू नये अशा गोष्टी आहेत त्या.

निवडीचा क्रमही या मांडणीतून येतो. मागचे आठ एलईडी पार निवडले आणि रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निळ्यातून जांभळ्याकडे न्यायचा असेल, तर डेस्क ते ज्या क्रमाने निवडले त्या क्रमाने रंग वाटतं. दोन दिवे उलटसुलट निवडले गेले तर मधेच गाठ बसल्यासारखं दिसतं. म्हणून रांगेचा क्रम एकदा डावीकडून उजवीकडे पक्का करून तो ग्रुप जतन करायचा आणि त्याचं बटण त्या रांगेच्या टोकाला ठेवायचं. डावा-उजवा आरसा हवा असेल तर दुसरा ग्रुप, टोकांकडून मध्याकडे.

या सगळ्या चित्राला एक मर्यादा आहे, आणि नव्या मुलांना मी ती आधी सांगतो. स्क्रीनवर उजळलेला चौकोन म्हणजे डेस्कने दिलेला हुकूम. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी संस्थेने 1986 मध्ये आणलेली डीएमएक्स 512 ही पद्धत एका केबलवरून 512 चॅनलची मूल्यं पाठवते, पण ती एकाच दिशेने. दिवा पेटला का, फ्यूज उडाला का, हे ती परत सांगत नाही. 2006 मध्ये प्रमाणित झालेल्या आरडीएममुळे उत्तर मिळू शकतं, मात्र त्यासाठी दिवे, स्प्लिटर आणि डेस्क तिघांनाही ते यावं लागतं. साध्या हॅलोजन स्पॉटकडे ते नाहीच. स्क्रीनवर 80 टक्के दिसत असताना सोफ्यामागे अंधार असू शकतो. म्हणून प्रयोगाआधीचा चॅनल चेक टाळता येत नाही, आणि चांगल्या मांडणीचा सगळ्यात रोजचा उपयोग तिथेच होतो. आधी सहा एरियांचे कोमट, मग गार, मग बॅक, मग साइड. बोट आणि नजर एकाच वाटेने जातात, त्यामुळे न पेटलेला दिवा लगेच सापडतो.

दौऱ्यावर या कामाची खरी परीक्षा होते. बार किती, कुठे, त्यावर सर्किट किती, हे नाट्यगृहागणिक बदलतं. एलईडी पार भाड्याने आले तर काल चार डीएमएक्स चॅनलचे, आज सात. ते सगळं पॅचमध्ये, म्हणजे डेस्कवरचा चॅनल कुठल्या डीएमएक्स पत्त्याला जोडलाय त्या यादीत, निस्तरायचं: डीएमएक्स पत्ते बदलायचे, डेस्कवरचे चॅनल नंबर तेच ठेवायचे. सोफ्यामागचा निळा पुण्यात 43 होता तर नाशिकलाही 43, आणि स्क्रीनवर त्याच जागी. बारचा नकाशा मात्र दर मुक्कामी नव्याने करावा लागतो. कधी मागे बारच कमी असतो आणि एखाद्या बॅक लाइटला जागा मिळत नाही. अशा वेळी त्याचं चिन्ह मी पुसत नाही, करडं करतो. क्यूमध्ये तो दिवा आहेच. करडी जागा दिसली की त्या एरियात आज मागून उजेड नाही हे प्रवेश सुरू व्हायच्या आधी कळतं, आणि बाजूचा साइड लाइट किती चढवून घ्यायचा ते तेव्हाच ठरवता येतं.