पाय : वर्तुळ लहान असो वा मोठे, गुणोत्तर एकच

परीघ ÷ व्यास = पाय (सुमारे ३.१४१५९)

• क्षेत्रफळ : पाय × त्रिज्येचा वर्ग. याला खोलीने गुणले की गोल विहिरीतले पाणी कळते. व्यास ६ मीटर आणि पाणी १ मीटर असेल, तर सुमारे २८,२७० लिटर.

• आर्यभट (इ.स. ४९९) : ६२८३२/२००००, म्हणजे ३.१४१६. हे मूल्य जवळपासचे असल्याचेही त्यांनी नोंदवले.

• भास्कराचार्य, ‘लीलावती’ (११५०) : सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५०, व्यवहारासाठी २२/७.

• लॅम्बर्ट (१७६१) : पाय अपरिमेय असल्याची सिद्धता.

• लिंडेमान (१८८२) : पाय बीजातीत (पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे उत्तर नसलेली संख्या) असल्याची सिद्धता. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस केवळ पट्टी-कंपासने काढणे अशक्य, हे यातून सिद्ध झाले.

विद्यार्थ्यांनो, लक्षात ठेवा : २२/७ ही पायची नेमकी किंमत नाही, ती किंचित जास्त आहे.