आधी छन्नी, मग फायबर

निपाणी भागातल्या एका जुन्या पुलाखाली परांचीवर चढलो, तेव्हा मिस्त्री गर्डरच्या पोटावर हातोडीने ठोकत पुढे सरकत होते. एका जागी खणखणीत आवाज, हातभर पुढे बद्द. "ऐका की सर, हितं आत फुगलंय," म्हणत त्यांनी खडूने गोल केला. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं. सळी गंजली की आतून दाब येतो आणि काँक्रीटचा पोपडा सुटतो.

इथल्या पुलांना उसंत नाही. 2019 आणि 2021च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं, वाहतूक थांबली. पाणी ओसरतं तोच उसाचा हंगाम लागतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात. दुरुस्तीला सवड मिळते ती उन्हाळ्यातच.

मिक्सरजवळ हातमोजे घातलेला कामगार टोकं वाकवलेल्या पोलादी तारा, म्हणजेच फायबर, मूठमूठ भुरभुरत होता. एकदम ओतल्या तर त्यांचे गोळे होतात. आकारमानाच्या एक टक्का फायबर घालायचं, तर घनमीटरला सुमारे 78 किलो लागतं. साधं काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तडा पडलाच तर या तारा दोन्ही कडा धरून ठेवतात. तो केसाएवढाच राहिला, तर पाणी सळीपर्यंत सहजी पोचत नाही.

पण माझ्या मते खरं काम हे फायबरचं काँक्रीट गर्डरवर थर म्हणून चढवण्याआधीचं. सुटलेलं काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, सळी चकचकीत होईतो घासायची, जुन्या पृष्ठभागावर छन्नीने टाचे मारायचे, नव्या-जुन्याला जोडणाऱ्या सळ्या भोकांत इपॉक्सीने बसवायच्या. जुनं काँक्रीट ओलं हवं, पण वर पाणी साचलेलं नको. यात कसर राहिली, तर कितीही महाग थर पुन्हा सुटून येणार. शिवाय गर्डरचं स्वतःचं वजन जुनं काँक्रीट आधीच पेलत असतं. जॅक लावून ते हलकं केलं नाही, तर नवा थर फक्त पुढे येणाऱ्या भारातच वाटा उचलतो. थर घट्ट होईपर्यंत वाहतूकही बंद ठेवायलाच हवी. त्या काळात पडणारा वळसा लोकांनी कुरकुर न करता सोसावा.

तुमच्या गावच्या पुलाचं काम निघालं, तर फायबर किती किलो आणलं हे विचाराच, पण साच्याच्या फळ्या बंद होण्याआधी टाचे नीट मारलेत का, हे आधी विचारा.