टाकीचं झाकण कुठाय?

घरात साक्षगंध आहे. पाहुणे साठ. संडास दोन. आणि त्यातला एकही चालू नाही!

कल्पना करा. हसू येतंय ना? मलाही आता येतं. पण मागच्या डिसेंबरात, मूलला आमच्या घरी, धाकट्या भावाच्या साक्षगंधाच्या तीन दिवस आधी, कुणालाच हसू येत नव्हतं.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत. बालेवाडीत भाड्याचा फ्लॅट, अकरावा मजला. तिथं फ्लशचं बटण दाबलं की विषय संपतो. खाली काय होतं, कुठं जातं, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. तुम्हाला पडलाय? खरं सांगा!

नागपूरपर्यंत रात्रीची गाडी, पुढं एसटी, आणि मग धानाच्या कापलेल्या शेतांमधून मूल. घरात शिरले तर आई कपाळाला हात लावून बसलेली. संडासातलं पाणी खाली जायच्याऐवजी वर येत होतं.

"टाकी भरली असंल," मी म्हटलं.

बाबा निवृत्त शिक्षक. गणिताचे. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "काहून भरंल? शहाण्णव साली बांधली. तीस वर्षांत एकदा उपसा लागली नाही. एवढी पक्की टाकी पूर्‍या गल्लीत नाही कोणाची!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं याच वाक्यानं आमची झोप उडवली.

मिशन झाकण

उपसायची तर टाकी सापडायला हवी. बाबा म्हणाले, सांदवाडीत आहे. भाऊ म्हणाला, नाही, पोर्चखाली. आई म्हणाली, तुमचं तुम्ही पाहा. शेवटी आजीनं बसल्या जागेवरून काठी रोखली, "थे मोटरसायकल ठेवते ना, तिच्या खाली."

म्हणजे पाच वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेल्या चकचकीत टाइल्सच्या बरोब्बर खाली! झाकणावर आधी सिमेंट, मग टाइल्स, मग भावाची लाडकी बुलेट. आम्ही आमच्याच घराचा सगळ्यात महत्त्वाचा दरवाजा कायमचा बंद करून टाकला होता. नंतर समजलं, हे घरोघरी होतं. पोर्च वाढवताना, किचन ओढताना, टाकीचं झाकण पहिलं गायब होतं.

टाइल्स फोडल्या. भावाचा चेहरा बघण्यासारखा होता.

दोरी, बादली आणि मी

ओळखीतून कुणीतरी दोन माणसं पाठवली. एक पन्नाशीचा, एक भावापेक्षाही लहान. सोबत बादली, दोरी आणि एक लांब बांबू. झाकण सरकवलं. मी ओढणी नाकाला लावून मागं झाले. त्या पोरानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरी कमरेला बांधायला लागला.

इथं मला एक गोष्ट कबूल करायचीय. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की चला, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. पाहुण्यांचं टेन्शन गेलं. तो पोरगा आत उतरणार आहे, हे मी बघत होते, आणि मला काहीच वाटलं नव्हतं. ऑफिसात ह्यूमन राइट्सच्या पोस्ट शेअर करणारी मी!

दुसरा विचार यायला चार-पाच सेकंद लागले. बातम्या आठवल्या. टाकीत एक उतरला, बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दोघंही गेले. दर काही दिवसांनी कुठून ना कुठून येणारी ती चार ओळींची बातमी.

"थांबा!" मी ओरडले. "उतरायचं नाही."

"काही होत नाही ताई, सवय आहे," पोरगा म्हणाला. "आता वासही कमी झाला, पाहा ना."

वास कमी झाला, हीच तर भानगड असते. टाकीत मिथेन साठतो, आणि हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. त्याचं प्रमाण खूप वाढलं की तो आधी माणसाचं नाक बधिर करतो. वास येईनासा होतो, म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. कधी कधी धोका वाढलाय एवढाच त्याचा अर्थ.

मी मोबाइल काढून कायदा शोधला. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा. त्यात गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायलाही बंदी आहे. आणि ही बंदी फक्त नगरपालिकेला किंवा ठेकेदाराला नाही, कुठल्याही व्यक्तीला आहे. म्हणजे बाबांनाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग त्या दोघांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली, चहा दिला. पोरानं दोरी सोडली. जाताना तो म्हणाला, "काम नाही केलं, तर पैसे कायचे?" बाबांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही.

पक्क्या टाकीचं रहस्य

सक्शनची गाडी दुसऱ्या दिवशी आली, दुसऱ्या गावाहून. पाइप आत, मोटर चालू, काम तासाभराचं. माणूस बाहेर, गाळ गाडीत. इतकं सोपं!

गाडीवाल्यानं टॉर्च मारून आत पाहिलं आणि बाबांना विचारलं, "गुरुजी, याले तळ कुठं आहे?"

तळ नव्हताच. चार भिंती आणि खाली माती. मिस्त्रीनं पैसे वाचवले होते. किंवा बाबांनी, आता कुणाला आठवत नाही. टाकी तीस वर्षं भरली नाही, कारण ती तीस वर्षं खाली झिरपत होती. शेवटी गाळानं माती बुजली आणि पाणी उलटं फिरलं.

आणि तिथून वीस-बावीस पावलांवर आमची विहीर.

आजी अजून त्याच विहिरीचं पाणी पिते. नळाच्या पाण्याला चव नाही म्हणते. मी सातवीत असताना मला आणि भावाला एकाच उन्हाळ्यात कावीळ झाली होती. ती विहिरीनंच झाली, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही चौघंही विहिरीकडं बघत गप्प बसलो होतो. बाबा सगळ्यात जास्त.

मी गाडीवाल्याला शेवटचा प्रश्न विचारला, "हे आता कुठं टाकणार?"

"पाहू ना, कुठंतरी. रस्त्यात जागा असते."

म्हणजे आमच्या घरातून गेलं आणि दुसऱ्या कुणाच्या विहिरीजवळ पोचलं. माझ्या बालेवाडीच्या फ्लशसारखंच. बटण दाबलं, विषय संपला!

टाकीचा फंडा, दोन मिनिटांत

सेप्टिक टँक म्हणजे मैला 'नाहीसा' करणारी जादूची पेटी नाही. आत तीन थर होतात. जड गाळ तळाशी, तेलकट साय वर, मधे पाणी. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ थोडा थोडा खातात. मधलं पाणी पुढं शोषखड्ड्यात जातं, पण तेही पूर्ण स्वच्छ नसतं. गाळ साठत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि मैला तसाच बाहेर पडतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा हवाच. संडास तुंबायची वाट पाहिली, म्हणजे उशीर झाला.

- झाकण उघडता आलंच पाहिजे. त्यावर टाइल्स नको, गाडी नको, तुळशीवृंदावनही नको.
- टाकीला तळ हवा, दोन कप्पे हवेत आणि वायू जायला जाळी लावलेला उंच पाइप हवा.
- सॅनिटरी पॅड, वाइप्स, प्लॅस्टिक संडासात टाकू नका. अ‍ॅसिड आणि फिनाइलचा मारा नको, जिवाणू मरतात.
- माणूस आत उतरवायचा नाही. कुणी कितीही 'सवय आहे' म्हटलं तरी!

"आमच्याकडे गाडी येते की!"

साक्षगंध झालं. छान झालं. पुण्याला परत आल्यावर मी ही सगळी स्टोरी लंच टेबलवर सांगितली. (हो, डबे उघडे असताना. मैत्रिणींनी अजून माफ केलेलं नाही.) सगळ्या ईऽऽ करत असताना वाईची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "त्यात काय? आमच्याकडे गाडी येते की. आपली पाळी आली की नगरपालिका सांगते."

पाळी? टाकीची?

त्या वीकेंडला मी वाईला गेले. एरवी महाबळेश्वरला जाताना ढोल्या गणपतीला हात जोडून पुढं निघतो, ते वाई. कृष्णाकाठचं, पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं गाव. मूलपेक्षा जरासंच मोठं. मोठ्या शहरांसारखं ड्रेनेजचं जाळं छोट्या गावात घालणं खूप महाग, त्यामुळे इथंही घरोघरी टाक्याच. पूर्वी इथंही तेच, तुंबल्यावर धावपळ.

वाई नगर परिषदेनं २०१८ साली पद्धतच उलटी केली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या टीमची मदत घेतली. आधी घरोघरी पाहणी, मग गावाचे भाग पाडले आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकीचा नंबर येईल असं वेळापत्रक केलं. उपशाचं काम खासगी कंपनीला, पण पैसे उपसलेल्या टाक्यांच्या हिशोबानं. गाडी आल्यावर घरमालकानं हातात नोटा ठेवायच्या नाहीत, खर्च करातून. त्यामुळे 'परवडत नाही, पुढच्या वर्षी बघू' हा विषयच नाही. आणि गाळ 'कुठंतरी' नाही, गावाच्याच मैला गाळ प्रक्रिया केंद्रात. गेट्स फाउंडेशनच्या मदतीनं उभं राहिलेलं, दिवसाला सत्तर हजार लिटर क्षमतेचं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हाच रस्ता धरला.

मैत्रिणीच्या काकूंना विचारलं, त्रास नाही होत? त्या म्हणाल्या, "त्रास कसला? उलट झाकण कुठाय ते कळलं!"

बघा, झाकणाचा प्रॉब्लेम राष्ट्रीय आहे.

हे फार नवं आहे असंही नाही. मलेशियात इंडा वॉटर ही कंपनी १९९४ पासून सांडपाण्याचं काम बघते, टाक्या ठरावीक काळानं उपसायची पद्धत तिथं जुनी. आपल्याकडे बंगळूर विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ साली गावापुरतं मैला गाळ केंद्र सुरू झालं, २०१७ मध्ये थेट लेहमध्ये. त्याच वर्षी केंद्र सरकारनं मैला गाळ व्यवस्थापनाचं धोरण आणलं. संडास बांधण्याबद्दल देशात खूप बोलून झालं होतं. संडासाच्या खाली काय आहे, याबद्दल तिथून बोलणं सुरू झालं.

सुंदर अक्षरातली पाटी

वाईचे फोटो मी बाबांना पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, रागावले. तीस वर्षांच्या पक्क्या टाकीचा मान गेला ना!

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन. बाबांनी नवी टाकी बांधायला घेतली होती. दोन कप्प्यांची, काँक्रीटच्या तळाची, विहिरीपासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला. साक्षगंधातून उरलेले पैसे त्यात गेले, आणि बुलेटची जागाही गेली. आजीला आता नळाचं पाणी उकळून देतात. ती रोज कुरकुरते आणि पिते.

आणि बाबांनी एक अर्ज लिहिलाय. नगर परिषदेला. सुवाच्य अक्षरात, विषय, संदर्भ, महोदय, सगळं व्यवस्थित. गल्लीतल्या टाक्या एक-एक करून, ठरावीक पाळीनं उपसल्या जाव्यात आणि गाळ योग्य ठिकाणी जावा, अशी विनंती. सह्यांसाठी ते घरोघरी फिरले. अकरा सह्या झाल्या. बाकीची घरं म्हणाली, "आमची टाकी तर भरतच नाही, गुरुजी. एकदम पक्की आहे."

बाबा मग त्यांच्या अंगणात बसतात, चहा घेतात आणि विचारतात, "बरं, विहीर किती पावलांवर आहे?"

परवा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. नवी टाकी, मोकळं झाकण, आणि बाजूच्या भिंतीवर ऑइल पेंटनं, फळ्यावर लिहावं तसं लिहिलेलं: 'पुढची पाळी: डिसेंबर २०२८.'

तुमच्या गावाकडच्या घरी या वीकेंडला फोन कराल तेव्हा जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे विचाराच. आणि त्यानंतर एवढंच विचारा...

टाकीचं झाकण कुठाय?