वजन म्हणजे मजबुती नव्हे

गाडीच्या डिकीत सबवूफरचा बॉक्स बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न जाडीचा निघतो. 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) पुरेल, 25चा लावावा, की 18चे दोन थर चिकटवून 36 करावा? बॉक्स जितका जड तितका मजबूत, आणि बास तितका दमदार, हा या प्रश्नामागचा समज. त्यातला अर्धा भाग खरा आहे. बॉक्सच्या भिंती हलता कामा नयेत, कारण भिंत हलली की वूफरने केलेल्या कामातला काही वाटा ती गिळते. पण सबवूफर ज्या पट्ट्यात वाजतो तिथे भिंतीला थोपवून धरतो तो तिचा ताठपणा. वजनाचा तिथे जवळजवळ काहीच उपयोग नसतो.

एक नेहमीच्या मापाचा बंद बॉक्स घेऊ: बाहेरून 45 × 40 × 35 सेंटिमीटर, भिंत 18 मिलिमीटर, आत साधारण 47 लिटर हवा. 12 इंची वूफरच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे 480 चौरस सेंटिमीटर असतं. तो 15 मिलिमीटर आत आला की 0.7 लिटर हवा दबते आणि बॉक्समधला दाब सुमारे 2,200 पास्कलने वाढतो. सर्वांत मोठ्या भिंतीवर याचा जोर 33 किलो भरतो, आणि 40 हर्ट्झचा सूर चालू असेल तर भिंत सेकंदाला 40 वेळा बाहेर ढकलली जाते, 40 वेळा आत ओढली जाते. आकडा घाबरवणारा आहे खरा. तरीही या मापाची 18 मिलिमीटरची भिंत त्या जोराखाली मधोमध एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच वाकते. पडद्याने सरकवलेल्या 720 घन सेंटिमीटर हवेपुढे एका भिंतीचं हे वाकणं फार तर काही घन सेंटिमीटरचं. म्हणजे मध्यम ताकदीच्या एका वूफरसाठी नीट सांधलेला 18 मिलिमीटरचा बॉक्स मुळातच कमकुवत नसतो. भक्कम आधारांची खरी गरज मोठ्या भिंतींना असते, दोन वूफरच्या किंवा 15 इंचीच्या बॉक्सना.

त्याचं कारण वाकण्याच्या गणितात आहे. जाडी दुप्पट केली की भिंत आठपट ताठ होते, हे बरोबर, आणि जाड भिंतीचे पुरस्कर्ते इथेच थांबतात. पण आधाराविना सुटलेलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच दाबाखाली वाकणं सोळापट होतं. उलट चाललं तर लांबट भिंतीच्या मधोमध आधाराची पट्टी घालून ते अंतर निम्मं केलं की वाकणं सोळाव्या हिश्शावर येतं. अठरा मिलिमीटर प्लायची पाच सेंटिमीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर लांब पट्टी पाव किलोच्या आसपास भरते; आपल्या बॉक्सच्या एकाच भिंतीवर एमडीएफचा दुसरा थर चढवला तर वजन दोन किलोंनी वाढतं. ही पट्टी समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडली तर आणखी चांगलं. आतला दाब वाढला की दोन्ही भिंती एकाच वेळी बाहेर फुगू पाहतात, आणि मधली पट्टी त्यांना एकमेकींविरुद्ध धरून ठेवते. मोठ्या बॉक्समध्ये खिडकीसारखी मोठी भोकं पाडलेली सबंध फळीच आडवी बसवतात. हवा मोकळी फिरते आणि चारही भिंतींना आधार मिळतो.

जाडीची दुसरी किंमत सहसा कोणी मोजत नाही. डिकीतली जागा ठरलेली असते, आणि महाराष्ट्रात सीएनजीची टाकी बसवलेल्या गाड्यांत तर ती आणखीच आखडलेली. बाहेरचं माप तेच ठेवून वरचा बॉक्स 36 मिलिमीटरचा केला, तर आतली हवा 47 लिटरवरून साडेचौतीस लिटरवर येते. चौथ्या हिश्शाहून जास्त गेली. बंद बॉक्समधली हवा वूफरसाठी स्प्रिंगचं काम करते, हे एडगर विलचर यांनी 1954 साली एआर-1 या स्पीकरने दाखवून दिलं. हवा कमी झाली की ही स्प्रिंग कडक होते, वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि खालचे सूर पातळ पडतात. दमदार बाससाठी घातलेली जाडी अशी बासच्याच मुळावर येते. आधारांच्या पट्ट्याही जागा खातात, पण प्रत्येकी तीनशे-चारशे मिलिलिटरच्या हिशोबात. ती जागा आणि वूफरच्या चुंबकाने व्यापलेली जागा मात्र एकूण लिटरमधून वजा करायलाच हवी.

मग बॉक्सवर बोटाने ठोकून ‘बघा, किती भरीव वाजतोय’ असं दाखवतात, त्याचं काय? प्रत्येक भिंतीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तिच्याखाली भिंतीला ताठपणा आवरतो आणि तिच्या बराच वर वजन. वरच्या मापाच्या भिंतीची ही संख्या 200 हर्ट्झच्या पुढे असते, आणि गाडीतला सबवूफर सहसा 80 हर्ट्झच्या आसपास कापलेला असतो. ठोकल्यावर ऐकू येतो तो आवाज वूफर ज्या पट्ट्यात वाजतच नाही तिथला. घरातल्या संपूर्ण पट्ट्याच्या स्पीकरना ही कसोटी लागू पडते. तिथला सल्ला तसाच्या तसा डिकीत आणून ठेवला गेला आहे.

वजनाच्या बाजूने आणखी दोन आक्षेप येतात. पहिला असा की जड बॉक्स वूफरच्या धक्क्याने जागचा हलत नाही. हलणाऱ्या पडद्याचं वजन 200 ग्रॅम आणि बॉक्स-वूफर मिळून 20 किलो धरले, तर पडदा 15 मिलिमीटर सरकताना मोकळा ठेवलेला बॉक्स 0.15 मिलिमीटर सरकेल. बॉक्स गाडीला बोल्टने आवळला की तेवढंही उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आवाजाच्या दाबाच्या स्पर्धांत उतरणारे लोक गाडीत चक्क काँक्रीट ओततात, ते काय वेडे आहेत? मुळीच नाहीत. गाडीच्या आत 170 डेसिबल म्हणजे सुमारे 6,300 पास्कल. एक चौरस मीटरच्या काचेवर सहाशे किलोंहून अधिक जोर. तिथे बॉक्सच्या आधी गाडीचं छप्पर आणि दारं फुगतात, म्हणून सगळा सांगाडाच ताठ करावा लागतो. काँक्रीट एमडीएफपेक्षा कित्येक पट ताठ असतं आणि त्या गाडीला रोज घाट चढायचा नसतो. रोजच्या गाडीत खडखडाट झाला की दोष बॉक्सला मिळतो, पण बहुतेक वेळा खडखडते ती नंबर प्लेट किंवा डिकीच्या दाराचा पातळ पत्रा.

लाकूड कोणतं, या वादात एमडीएफला उगाच मुकुट मिळालेला आहे. तो सरळ कापला जातो आणि स्वस्त पडतो, एवढंच. चांगला प्लाय त्याच जाडीत जास्त ताठ आणि हलका असतो, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात एमडीएफच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात तसा तो फुगत नाही. तिथे आयएस 710चा मरीन प्लाय घेणं शहाणपणाचं. स्क्रू वाढवल्याने सांधा मजबूत होतो हाही भ्रमच. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत फळ्या दाबून धरतात, नंतर जोर गोंद पेलतो. बॉक्समध्ये कापूस किंवा पॉलिस्टर भरल्याने भिंती ताठ होत नाहीत, फक्त आतली हवा थोडी जास्त असल्यासारखी वागते. दुहेरी थर एकाच जागी खरोखर कामाचा: वूफरच्या मोठ्या भोकाने दुबळी झालेली पुढची फळी.

आणि वजनाचा एक हिशोब अपघाताच्या वेळी चुकता करावा लागतो. गाडी 20 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, इतक्या झटक्याने थांबली तर 30 किलोचा बॉक्स 600 किलोंच्या जोराने मागच्या सीटकडे झेपावतो. त्याला दुहेरी टेप किंवा वेल्क्रो पुरत नाही. लोखंडी कोन आणि मागे मोठे वॉशर लावलेले बोल्ट गाडीच्या पत्र्यातून आरपार हवेत, आणि भोक पाडण्याआधी खाली इंधनाची टाकी, पाइप किंवा वायरिंग नाही ना, हे गाडीखाली वाकून बघायला हवं.