एमएस आणि पाण्यातला व्यायाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण पोखरते. मग थकवा येतो, तोल जातो, पाय ताठरतात. पाण्यातला व्यायाम अनेक रुग्णांना मानवतो, पण त्याबद्दल ऐकीव सल्लेच जास्त फिरतात.

गैरसमज : व्यायामाने एमएस बळावतो.

वस्तुस्थिती : हा समज रुग्णांनी नव्हे, डॉक्टरांनीच रुजवला. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890मध्ये नोंदवलं होतं, की श्रमानंतर काही रुग्णांना धूसर दिसतं. कारण पुढे कळलं. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम जातो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडखळतो. अंग थंड झालं, की सगळं पूर्ववत. म्हणजे त्रास खरा, पण तात्पुरता. तरीही कित्येक दशकं ‘आराम करा’ हाच सल्ला मिळत राहिला. अमेरिकेतल्या युटामध्ये रुग्णांकडून 15 आठवडे नियमित व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचा दम आणि ताकद वाढली, आजार बळावला नाही. हे निष्कर्ष 1996मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज : पाणी जितकं कोमट तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : सगळ्यात जपायचं ते इथेच. फिजिओथेरपीच्या तलावांत पाणी बहुधा 33 ते 35 अंश सेल्सिअस असतं. दुखऱ्या सांध्यांना ते सुखावतं, पण उष्णता न सोसणाऱ्या एमएसच्या रुग्णाला थकवून टाकतं. अशा रुग्णांसाठी साधारण 27 ते 29 अंश बरं, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. फार गार पाणीही नको. त्याने काहींचे स्नायू आणखी ताठरतात. तलावाच्या माणसाला तापमान विचारायला लाजू नका.

गैरसमज : पोहता यायला हवं.

वस्तुस्थिती : नको. छातीभर पाण्यात कठडा धरून चाललं तरी पुरतं.

गैरसमज : पाण्यात काय, नुसतं डुंबायचं!

वस्तुस्थिती : हाताचा वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. मेहनत किती घ्यायची ते आपल्या हातात राहतं. थकवा आणि तोल सुधारल्याचे अभ्यास आहेत, बरेचसे छोटे आहेत. गेलेलं मायलिन मात्र याने परत येत नाही. औषधं चालूच ठेवायची.

गैरसमज : पाण्यात पडायची भीती नाही.

वस्तुस्थिती : पाण्यात कमी, पण बाहेर पडताना जास्त. अंगाचा भार एकदम पायांवर येतो, पाय दमलेले आणि फरशी ओली. सोबत कुणी हवंच. आणखी एक : लघवीला जावं लागेल या धास्तीने पाणी पिणं टाळू नका. पाण्यातही घाम येतो, कळत नाही इतकंच.

फिट्स येत असतील किंवा उघडी जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अंग थंड होऊनही एखादं नवं लक्षण 24 तास टिकलं, तर दोष व्यायामाला देऊन घरी थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टला कळवा.